आठ यार्डांचा राखणदार

पावसाने आठवडाभर ठाण मांडले, की कारेलीबागेतील मोकळ्या मैदानांवरून क्रिकेट तात्पुरते हद्दपार होते. खेळपट्टीचा चिखल होतो, यष्ट्या उभ्या राहत नाहीत, आणि रबरी चेंडू उसळी घेण्याऐवजी जागच्या जागी रुतून बसतो. मग मुलांच्या हाती, किंवा अधिक बरोबर सांगायचे तर पायी, फुटबॉल येतो. दोन विटा या टोकाला, दोन विटा त्या टोकाला, मधले अंतर पावलांनी मोजायचे, आणि मग तो सनातन प्रश्न उपस्थित व्हायचा : गोली कोण?

ज्याला कोणी आपल्या बाजूला घेत नाही तो गोली. ज्याला धावताना धाप लागते तो गोली. कोणाचा तरी धाकटा भाऊ हट्टाने मागे आलेला असतो, तो गोली. अशी ही जागा शिक्षेसारखी वाटली जाते, आणि दोन गोल झाले की गोली बदलण्याचा पुकारा होतो. परंतु आमच्या शेजारच्या इमारतीत एक चौदा वर्षांचा मुलगा राहतो. तो दरवेळी आपण होऊन विटांच्या मध्ये जाऊन उभा राहतो आणि तेथून हलत नाही. संध्याकाळी घरी परततो तेव्हा त्याच्या अंगावर जेवढी माती असते, तेवढी एखाद्या आखाड्यातील मल्लाच्या अंगावरही नसेल.

एके दिवशी त्याची आई आमच्याकडे वाटीभर डाळिंब्यांची उसळ घेऊन आली आणि बसली. बोलता बोलता तिने मनातले बोलून दाखवले. "काका, क्रिकेट खेळला असता तर निदान चार लोकांना सांगता तरी आलं असतं. हा गोलात उभा राहतो. गोलात उभं राहून कुणाचं भलं झालंय का हो? मोठेपणी तेच करणार म्हणतो."

त्या वेळी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. उसळ मात्र उत्तम होती. पुढे काही दिवस तो प्रश्न माझ्या डोक्यात घोळत राहिला, आणि जुनी माहिती चाळताना एका गोमंतकीयाची कारकीर्द पुन्हा एकदा नीट डोळ्यांपुढे आली. त्या माउलीला जे तोंडी सांगता आले नाही, ते येथे लिहून काढीत आहे.

आपण बडोदेकर मराठी माणसे खेळाच्या बाबतीत अगदीच अनभिज्ञ नाही. राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराची परंपरा आपल्या गावची. विजय हजारे आपले. चेंडू अडवण्याची कला ज्याच्या हातात वास करीत होती असा किरण मोरेही आपलाच. १९८८ साली मद्रासच्या कसोटीत त्याने वेस्ट इंडीजचे सहा फलंदाज यष्टिचीत केले, तेव्हा येथील घराघरांत त्याचे कौतुक झाले होते. यष्टिरक्षक म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही : दिवसभर उठाबशा काढायच्या, प्रत्येक चेंडू आपल्याकडेच येणार असे धरून चालायचे, आणि शंभर झेल घेतल्यावर जो एक सुटला तेवढाच लोकांच्या लक्षात राहायचा. गोलरक्षक हा त्याचाच थोरला भाऊ समजावा. फरक एवढाच, की यष्टिरक्षकाच्या हातून चेंडू निसटला तर चार धावा जातात; गोलरक्षकाच्या हातून निसटला तर बहुधा सामनाच जातो.

गोलाची चौकट किती मोठी असते, याची कल्पना दुरून येत नाही. दोन खांबांमधील अंतर आठ यार्ड, म्हणजे चोवीस फूट. जमिनीपासून आडव्या दांड्यापर्यंतची उंची आठ फूट. गुणाकार केला तर एकशे ब्याण्णव चौरस फूट होतात. बारा फूट रुंद आणि सोळा फूट लांब अशी एखादी ऐसपैस बैठकीची खोली घ्यावी, तिची सारी जमीन उचलून भिंतीसारखी उभी करावी, आणि एका माणसाला सांगावे, की या भिंतीला चेंडू लागता कामा नये. गोलरक्षकाचे काम ते हेच.

पेनल्टीच्या वेळी तर हे काम जवळजवळ अशक्य कोटीत जाते. चेंडू गोलरेषेपासून बारा यार्डांवर, म्हणजे सुमारे अकरा मीटरवर ठेवतात. चांगल्या खेळाडूने मारलेला चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने निघाला, तर तो हे अंतर सेकंदाच्या चार दशांशांत कापतो. डोळ्यांनी पाहिलेले मेंदूला कळून स्नायूंनी हालचाल सुरू करण्यातच त्यातला निम्मा वेळ खर्ची पडतो. उरलेल्या वेळात बारा फूट झेप घेणे मनुष्यमात्राला साधणारे नाही. म्हणून गोलरक्षक चेंडूकडे नव्हे, तर मारणाऱ्याच्या टेकवलेल्या पायाकडे, कमरेच्या वळणाकडे आणि कधी कधी त्याच्या नजरेकडे पाहतो, आणि चेंडू सुटण्याच्या क्षणी एका बाजूची निवड करून मोकळा होतो. पेनल्टीचा नियम १८९१ साली आला. तेव्हापासून हा एकतर्फी द्वंद्वाचा प्रकार चालू आहे. अलीकडे, २०१९ पासून, चेंडू मारला जाईपर्यंत गोलरक्षकाचा निदान एक पाय गोलरेषेच्या बरोबरीने असलाच पाहिजे, असेही बंधन आहे.

परंतु केवळ झेपा घेणारा गोलरक्षक हा चांगला गोलरक्षक नव्हे. जाणकारांचे मत असे, की उत्तम गोलरक्षकाला झेप घ्यावीच लागत नाही, कारण तो आधीच योग्य जागी उभा असतो. यातले मर्म मुलांना समजावण्यासाठी मी देवघरातील निरांजनाचा उपयोग केला. ज्योतीपासून तळहात दूर, भिंतीजवळ धरला तर भिंतीवर सावली हाताएवढीच पडते. तोच हात ज्योतीजवळ नेला की सावली साऱ्या भिंतीवर पसरते. समोरून एकटा आघाडीवीर चेंडू घेऊन येतो तेव्हा चेंडू ही ज्योत आणि गोल ही भिंत. गोलरक्षक रेषेवर थांबला तर त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहते. तो पुढे सरसावला की मारणाऱ्याच्या दृष्टीने गोल झाकला जातो. मात्र फार पुढे गेला तर चेंडू डोक्यावरून अलगद आत. किती पावले पुढे आणि नेमके केव्हा, यातच त्याचे सारे पांडित्य. ते पुस्तकातून येत नाही. हजार वेळा चुकून येते.

त्यातच कोपऱ्यावरून उंच येणारे चेंडू. गर्दीत दहा-बारा माणसे उड्या मारीत असताना पुढे येऊन चेंडू पकडावा, की मुठीने दूर लोटावा, की रेषेवरच थांबावे, याचा निर्णय क्षणार्धात करायचा, आणि केला की डगमगायचे नाही. अर्धवट पुढे आलेला गोलरक्षक हा ना घरचा ना घाटचा. शिवाय त्याला तोंडही चालवावे लागते. सारे मैदान समोर दिसणारा तो एकटाच. बचावफळीतील माणसांच्या पाठीमागे कोण शिरला हे त्यानेच ओरडून सांगायचे. मितभाषी स्वभावाच्या मुलाला ही जागा सहसा मानवत नाही. आमच्या शेजारच्या मुलाचा आवाज सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचतो. याची तक्रार मी आजवर करीत असे. आता करीत नाही.

या जागेचे नावही पाहण्यासारखे आहे. इंग्रजांनी त्याला गोल राखणारा म्हटले. पोर्तुगीज भाषेत त्याला 'गुआर्दा-रेदेश' म्हणतात, म्हणजे जाळ्यांची राखण करणारा. आणि ज्या भूमीवर पोर्तुगीजांनी साडेचारशे वर्षे राज्य केले त्या गोव्यात, तसेच आपल्या कोकणातही, गावाच्या वेशीवर एक राखणदार असतोच. त्याला नारळ दिला जातो, त्याची आण घेतली जाते. गावात संकट शिरू पाहील तर तो अडवील, अशी श्रद्धा असते. एरवी त्याच्याकडे कोणी फारसे फिरकत नाही.

अशाच गोमंतभूमीत, पणजीजवळच्या ताळगावात, ६ मार्च १९५४ रोजी ब्रह्मानंद सगुण कामत शंखवाळकर यांचा जन्म झाला. गोवा मुक्त झाला तेव्हा ते सात वर्षांचे होते. त्या पिढीतील गोमंतकीय मुलांना फुटबॉल शिकवावा लागत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो तेथे रुजला आणि पाहता पाहता चर्चपुढच्या पटांगणांतून, देवळांच्या आवारांतून आणि भात कापून झालेल्या शेतांतून पसरला. कापणी झाली, की कोरड्या झालेल्या खाचरांत खांब रोवले जात. धर्म, जात, घरची भाषा यांचा त्या शेतात काही संबंध नसे. सारस्वत घरातला मुलगा आणि ख्रिस्ती घरातला मुलगा एकाच चेंडूमागे धावत.

शंखवाळकरांनी पनवेल स्पोर्ट्स क्लबकडून सुरुवात केली. हे पनवेल रायगड जिल्ह्यातले नव्हे, गोव्यातले. नावामुळे आपल्याकडील वाचकांची फसगत होण्याचा संभव आहे म्हणून सांगितले. पुढे १९७४ च्या सुमारास ते साळगावकर क्लबमध्ये गेले, आणि दीड दशकाहून अधिक काळ त्या एकाच क्लबचा गोल त्यांनी राखला. हा क्लब वास्कोच्या साळगावकर या खाण-उद्योजक घराण्याने १९५६ मध्ये स्थापन केलेला. गोव्याच्या फुटबॉलचे अर्थकारण त्या काळी लोहखनिजाच्या जोरावर उभे होते. धेंपो, साळगावकर, सेझा ही नावे एकाच वेळी कारखानदारीची आणि क्रीडांगणाचीही होती.

यात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. त्या काळी भारतीय फुटबॉलची राजधानी कलकत्ता होती. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग या तीन क्लबांकडे ज्याचे नाव नाही, त्याचे नाव वर्तमानपत्रात यायचे तरी कसे? हैदराबादचे पीटर थंगराज, ज्यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या संघाचा गोल राखला आणि ज्यांना १९६७ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेही सैन्यदलातून पुढे कलकत्त्याच्याच क्लबांत गेले. शंखवाळकरांच्या समकालीनांत भास्कर गांगुली होते, शिवाजी बॅनर्जी होते, अतनू भट्टाचार्य होते, सारे बंगालचे. १९७७ साली पेले ईडन गार्डन्सवर न्यूयॉर्क कॉसमॉसकडून खेळायला आला, तेव्हा मोहन बागानच्या गोलात शिवाजी बॅनर्जी होते, आणि त्या एका सामन्याने त्यांचे नाव अजरामर केले. अशा काळात एक गोलरक्षक गोव्यातच राहतो, गोव्याच्याच क्लबांतून खेळतो, आणि तरीही भारतीय संघाच्या गोलात उभा राहतो, इतकेच नव्हे तर त्या संघाचे कर्णधारपद भूषवितो, ही साधी गोष्ट नव्हती. कर्णधार बहुधा आघाडीचा किंवा मधल्या फळीचा असतो; पंचांशी बोलायला गोलातून धावत येणारा कर्णधार विरळा.

परंतु गोव्याच्या लोकांच्या मनात त्यांचे स्थान पक्के झाले ते संतोष करंडकामुळे. ही राज्याराज्यांमधील राष्ट्रीय स्पर्धा १९४१ पासून चालत आलेली, आणि तिच्यावर बंगालची जणू वंशपरंपरागत मालकी. १९८३ मध्ये अंतिम सामना कलकत्त्यात, बंगालविरुद्ध, बंगालच्याच प्रेक्षकांपुढे. गोव्याचे कर्णधार शंखवाळकर. बंगालला गोल करता आला नाही, गोव्यालाही करता आला नाही, आणि अखेर दोन्ही राज्यांना संयुक्त विजेते घोषित करावे लागले. आकडेवारीच्या पुस्तकात ही बरोबरी दिसते. पण कलकत्त्यात जाऊन बंगालला गोल करू न देणे म्हणजे काय, हे ज्यांनी ते मैदान आणि तो कोलाहल अनुभवला आहे त्यांनाच समजेल.

पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, मद्रासला गोव्याने पंजाबचा १-० असा पराभव करून करंडक कोणाशीही वाटून न घेता जिंकला. आणि त्या संपूर्ण स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. एकही नाही! फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्यांच्या याद्या ठेवतात, हॅटट्रिक करणाऱ्याला चेंडू भेट देतात. न झालेल्या गोलांची यादी कशी करायची? त्या स्पर्धेतील प्रत्येक सामन्यानंतर गोव्याच्या गोलरक्षकाच्या नावापुढे जे शून्य लिहिले गेले, त्या शून्यासाठी किती वेळा त्याने स्वतःला जमिनीवर झोकून दिले असेल, याची नोंद कोठेही नाही. मला स्वतःला या साऱ्या कारकिर्दीत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. कर्णधारपद कोणी देते, पुरस्कार कोणी देते. शून्य हे ज्याचे त्याने मिळवायचे असते.

साळगावकरांनंतर ते चर्चिल ब्रदर्सकडून आणि अखेरीस अँडरसन मेरियन या क्लबकडून खेळले. विशीच्या आत सुरू झालेली कारकीर्द चाळिशी ओलांडेपर्यंत चालली. गोलरक्षकांना हे एक वरदान असते. आघाडीवीराचे पाय तिशीनंतर बोलू लागतात. गोलरक्षकाची जाण मात्र वयाबरोबर वाढते, आणि जाण वाढली की धावपळ कमी लागते. इटलीच्या दिनो झोफने १९८२ चा विश्वचषक कर्णधार म्हणून उचलला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता.

शंखवाळकरांच्या उत्तरकाळातच, १९९२ साली, नियमातही मोठा बदल झाला. तोवर बचावफळीतील खेळाडू अडचणीत सापडला, की चेंडू मागे गोलरक्षकाकडे ढकलीत असे आणि गोलरक्षक तो हातांनी उचलून घेत असे. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू हातात घेण्यास १९९२ पासून मनाई झाली. त्यामुळे ज्यांनी जन्मभर हातांची उपासना केली, त्यांना उतारवयात पायांची आराधना करावी लागली. त्याहीपूर्वीचा इतिहास आणखी गमतीचा आहे. १९१२ पर्यंत गोलरक्षकाला आपल्या अर्ध्या मैदानात कोठेही चेंडू हाताळता येत असे, आणि १९०९ पर्यंत त्याने वेगळ्या रंगाचा सदरा घालावा असा नियमही नव्हता. म्हणजे गर्दीत नेमका कोणाचा हात लागला, हे पंचांनी कसे ओळखले असेल ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

आता त्या माउलीचा मूळ प्रश्न : भले झाले का? मानसन्मानाचे म्हणाल तर तो उशिराच आला. १९९७ मध्ये शंखवाळकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले गोमंतकीय फुटबॉलपटू. तोवर त्यांनी खेळणे थांबवले होते. त्यानंतर पुन्हा पंचवीस वर्षे गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वय वर्षे सदुसष्ट. फुटबॉलपटूला पहिली पद्मश्री १९६२ मध्ये मिळाली होती ती बंगालच्या गोष्ठ पाल यांना, ते बचावफळीतले. गोलातल्या माणसाचे दार ठोठावायला आणखी साठ वर्षे लागली. राखणदाराला नारळ मिळतो, पण बहुधा सर्वांत शेवटी.

चरितार्थाचे म्हणाल, तर त्या पिढीचा फुटबॉल हा व्यवसाय होता आणि नव्हताही. क्लबच्या पाठीशी असलेल्या उद्योगात किंवा बँकेत, रेल्वेत, सैन्यात नोकरी असे, आणि खेळ त्या नोकरीच्या आधाराने चाले. महिन्याचा पगार ठरलेला. दुखापत झाली तरी चूल पेटती राही. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, २००७ मध्ये तिची जागा आय-लीगने घेतली, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली, आणि करारांची भाषा सुरू झाली. करारात रक्कम मोठी असते, परंतु वर्षे थोडी. साळगावकर क्लबने १९९८-९९ ची राष्ट्रीय लीग जिंकली. आणि त्याच क्लबने २०१६ मध्ये आय-लीगमधून माघार घेतली. क्लब म्हणजे पेन्शन नव्हे, हे आईबापांनी ओळखून असावे.

गोलरक्षकाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. संघात आघाडीच्या जागा दोन-तीन, मधल्या फळीच्या तीन-चार. गोलाची जागा मात्र एकच. आघाडीवीर दमला तर उत्तरार्धात बदली खेळाडू उतरतो. गोलरक्षक दमत नाही, आणि त्याला सहसा कोणी बदलीत नाही. त्यामुळे राखीव गोलरक्षक सराव करतो, प्रवास करतो, सामन्याआधी अंग गरम करतो, आणि बाकावर बसून राहतो. कधी कधी अख्खा हंगाम. गुणी मुलगा, पण त्याच्यापुढे अधिक गुणी माणूस दहा वर्षे उभा; असे नशीब पुष्कळांच्या वाट्याला येते. हे ठाऊक असूनही जो मुलगा बाकावर बसल्या बसल्या समोरच्याचे खेळणे शिकत राहतो, त्याच्याच हाती कधीतरी ती संधी लागते.

आणि चूक. ब्राझीलचा मोआसीर बार्बोसा हा आपल्या काळातील नामांकित गोलरक्षक. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेच्या गिज्याने त्याच्या आणि जवळच्या खांबाच्या मधून चेंडू मारला, ब्राझील १-२ हरले, आणि विश्वचषक गेला. बार्बोसा २००० साली वारला. मधली पन्नास वर्षे त्याच्या देशाने त्याला तो एक गोल विसरू दिला नाही. बाकीच्या दहा खेळाडूंनीही दोन गोल करायचे ठेवले होते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. हे उदाहरण मी त्या मुलाच्या आईला सांगितले नाही. मुलाला मात्र सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आजोबा, पण त्याने जवळचा खांब सोडला होता ना?" दोष देत नव्हता तो, जागा शोधीत होता.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या देशातले. २०११ च्या आशियाई चषकात, दोहा येथे, भारताला ऑस्ट्रेलियाने ४-०, बहारीनने ५-२ आणि दक्षिण कोरियाने ४-१ असे हरवले. तीन सामन्यांत तेरा गोल. एवढे गोल खाल्लेल्या गोलरक्षकाला खरे म्हणजे तोंड लपवून परतावे लागायचे. पण सुब्रत पाल त्या स्पर्धेतून परतला तो सर्वांच्या कौतुकाचा विषय होऊन. कारण जे तेरा आत गेले त्यांच्यापेक्षा त्याने बाहेर ठेवलेले चेंडू पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत भरले होते. गुणफलकावरून गोलरक्षकाची पारख करू नये, असे जे म्हणतात ते याचसाठी.

शंखवाळकरांना पद्मश्री जाहीर झाली त्यानंतर दोनच महिन्यांनी, २० मार्च २०२२ रोजी, मडगावच्या फातोर्डा मैदानावर सुपर लीगचा अंतिम सामना झाला. एका बाजूला हैदराबाद, दुसऱ्या बाजूला केरळ ब्लास्टर्स. जादा वेळेनंतरही १-१ अशी बरोबरी राहिली आणि निकाल पेनल्टींवर गेला. हैदराबादच्या गोलात लक्ष्मीकांत कट्टीमणी हा गोव्याचाच गोलरक्षक होता. त्याने केरळच्या तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबादने ३-१ अशी बाजी मारली. वर सेकंदाच्या चार दशांशांचा जो हिशेब मांडला, तो पुन्हा वाचावा आणि मग तीन हा आकडा पाहावा. कट्टीमणीचे वय तेव्हा बत्तीस होते. त्याआधीच्या वर्षांत त्यानेही बाकावर बसण्याचे दिवस पाहिले होते.

हे सारे मी त्या माउलीला एका संध्याकाळी सांगितले. बार्बोसाचे वगळून. तिने शांतपणे ऐकून घेतले. दहावीचा अभ्यास सोडायचा नाही, ही तिची अट. ती मला योग्यच वाटली, कारण जेथे अकरांत एकच जागा असते, तेथे दुसरे एक दार उघडे ठेवलेले बरे. मी मुलासाठी फक्त एकच गोष्ट सुचवली. त्याला पडायला कोणीतरी नीट शिकवायला हवे होते. तो कोपरावर आदळत असे. चांगला गोलरक्षक अंगाच्या कडेवर पडतो : आधी पिंडरीची बाजू, मग मांडी, मग कूस, मग खांदा, अशा क्रमाने, नौकेचा तळ वाळूला टेकावा तसा, आणि हात मात्र चेंडूमागे. हे शिकवणारा एक जुना खेळाडू आमच्याच भागात निघाला. आता रविवारी सकाळी सात वाजता तो चार मुलांना घेऊन मैदानावर जातो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला मोठा पूर आला आणि आपल्या गावाची दैना झाली, हे वाचकांना आठवत असेलच. तेव्हापासून मैदानाच्या एका कोपऱ्यात गाळाचा मऊ थर बसला आहे. क्रिकेटवाली मुले तिकडे फिरकत नाहीत. पडण्याचा सराव करायला त्यासारखी जागा नाही, असे त्या जुन्या खेळाडूचे म्हणणे.

परवा मी गच्चीत उभा असताना समोरच्या दोरीवर एक जुना पूर्ण बाह्यांचा स्वेटर वाळत घातलेला दिसला. भर पावसाळ्यात स्वेटर कशाला, म्हणून निरखून पाहिले. दोन्ही कोपरांवर गोधडीच्या कापडाचे दुपदरी तुकडे शिवले होते, बारीक धावदोऱ्याने, चारी बाजूंनी पक्के.